बातमीदार राहून पुस्तकं लिहिता येतात का? त्यावर घर चालतं का?

तुम्ही सोलापुरात तीन वर्षं बातमीदारी करताय आणि पुढे खऱ्या माणसांवर, प्रश्नांवर पुस्तकं लिहायची आहेत, असं लिहिलंय. लिहिता येतात, नक्की. घर मात्र नुसत्या पुस्तकांवर चालत नाही. मी बीड भागात २२ वर्षं बातमीदारी केली, त्यातून ऊसतोड कामगारांवर एक पुस्तक झालं. त्यावरून सांगतो.

सुरुवातीला मला सेंटीमीटरवर मानधन होतं. छापून आलेला मजकूर पट्टीने मोजायचा आणि महिनाअखेरीस हिशेब पाठवायचा. वर दिवाळीला, पंधरा ऑगस्टला जाहिराती गोळा करायच्या. ज्याची जाहिरात आणली त्याच्याच मजुरांविषयी लिहायचं म्हटलं की ऑफिसातून फोन यायचा. यात उमेद फार खर्ची पडते, तुम्हालाही जाणवत असेल.

ऊसतोडीवर पहिल्यांदा लिहिलं ते दोन दिवसांच्या मुक्कामावर. नवराबायको मिळून एक 'कोयता', मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, खाडा झाला की दंड, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून येणारे चार पैसे, सगळं वहीत उतरवून आणलं होतं. एका बाईविषयी लिहिलं, 'पहाटे चारला तिचा दिवस सुरू होतो.' पुढच्या हंगामात ते कात्रण घेऊन तिच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर गेलो. तिच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं. बाई परातीत पीठ मळत ऐकत होती. त्या ओळीवर तिचा हात थांबला. म्हणाली, "दादा, चारला तर आमी फडात असतो. त्याच्या आधी पाणी, भाकरी कोण करतं?"

मी चारला फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसात पोचलो होतो. ती मला तिथे दिसली, म्हणून तिचा दिवस मी तिथून धरला. त्याआधीचे तिचे दोन तास माझ्या लेखात नव्हतेच. माझं पुस्तक त्या संध्याकाळी सुरू झालं. नंतर पाच हंगाम जात राहिलो.

या कामात मी अनिल अवचटांना गुरू मानतो. शिक्षणाने डॉक्टर, पण दवाखान्यात न रमता माणसांत गेले. बिहारवरचं 'पूर्णिया' हे त्यांचं पहिलं पुस्तक १९६९ चं. पुढे हमाल, निपाणीच्या तंबाखू-विडी कामगार बायका, विणकर, अशा किती जणांकडे ते जाऊन बसले! भाषा इतकी साधी की लेखक मध्ये उभा आहे असं वाटतच नाही. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. एका लेखमालेतून व्यसनमुक्ती केंद्र! हे आठवून मला आजही भरून येतं. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं सांगतो, अवचटांचं घर बरीच वर्षं त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांच्या पगारावर चाललं. हे त्यांनी कधी लपवलं नाही.

माझा हिशेब असा. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत २५० रुपये, रॉयल्टी दहा टक्के. प्रती संपायला चार वर्षं लागली, म्हणजे चार वर्षांत २५ हजार. एसटी आणि पेट्रोलचा खर्च त्याहून जास्त झाला होता. तेव्हा नोकरी सोडू नका, रजा साठवा. लांब लेखाला दैनिकात जागा मिळत नाही, पण दिवाळी अंकात मिळते. संपादक जून-जुलैपासून लेख मागायला लागतात, त्याआधी तुमचा विषय त्यांना पत्राने कळवा.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. विडी वळणाऱ्या बायका तुमच्याच शहरात आहेत. हजार विड्यांमागे हातात किती पडतं, माल जमा करताना किती विड्या बाजूला काढतात, पानं कमी भरली तर पदरचे पैसे कोण घालतं, इथून सुरू करा. आणि पहिला लेख छापून आला की अंक घेऊन त्याच घरी जा, तिथल्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा.