पी-टू-पी नोड्सनी एकमेकांना शोधावं म्हणून डीएनएस सर्व्हर कसा सेट करायचा?

तुम्ही विचारलंय की फायनल इयरच्या पी-टू-पी प्रोजेक्टचे, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय थेट एकमेकांशी जोडणारे, दहाबारा नोड्स (मशिन्स) पुण्यात वेगवेगळ्या रूमवर चालतात, आयपी सारखे बदलतात आणि दरवेळी सगळ्यांना कॉन्फिग फाइल हाताने बदलावी लागते, तर हे डीएनएसने, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेने, सुटेल का. सुटेल. मी कर्वेनगरच्या फ्लॅटवरून हेच केलंय, आधी दोन महिने चुकीच्या पद्धतीने, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक पक्कं करा, डीएनएसचं काम फक्त पहिली ओळख करून देणं. सदाशिव पेठेत नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला पत्ता विचारतो, रोज नाही विचारत. नोडनेही तसंच करायचं, पहिल्यांदा चालू झाला की डीएनएसला विचारायचं, चारसहा आयपी मिळाले की जोडून घ्यायचं, पुढचे पत्ते त्या नोड्सकडूनच मागायचे आणि डिस्कवर साठवून ठेवायचे. बिटकॉइनचा मुख्य प्रोग्रॅम बिटकॉइन कोअर, त्यात असंच आहे, जुने पत्ते साठवलेली फाइल असेल तर आधी तिथले नोड्स ट्राय होतात, त्यातून जमलं नाही तर मग डीएनएस सीड, म्हणजे चालू नोड्सचे आयपी देणारं ठरलेलं डीएनएस नाव. हा साठवायचा भाग तुमच्या कोडमध्ये नसेल तर आधी तो लिहा, डीएनएस नंतर.

आता माझी चूक. डोमेनच्या पॅनेलमध्ये एकाच नावाखाली सहा ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी लिहिलेली नोंद) हाताने टाकले आणि झालं काम असं समजून बसलो. एका रात्री मित्राचा नोड काही केल्या जोडेना, डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) मारलं तर सहाच्या सहा आयपी व्यवस्थित आले, मग एकेकाला नेटकॅट या कमांडने आमच्या पोर्टवर कनेक्ट करून बघितलं तर चार मेलेले, आणि पाचवा १००.७२ ने सुरू होणारा! तो मित्राने राउटरच्या स्टेटस पेजवरून कॉपी करून पाठवला होता. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज इंटरनेट कंपनीच्या आतल्या नॅटची (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटायची सोय) असते, तिथून नोड बाहेर जोडू शकतो पण बाहेरून त्याच्याकडे कोणी येऊ शकत नाही. घरगुती ब्रॉडबँडवर हे भरपूर दिसतं, तुमच्याही निम्म्या रूमवर असू शकतं, तपासून घ्या.

म्हणजे यादीत कोण आहे यापेक्षा आत्ता कोण उत्तर देतंय हे महत्त्वाचं. त्यासाठी क्रॉलर, म्हणजे सगळे नोड्स फिरून तपासणारा प्रोग्रॅम, लागतो. एका स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) छोटी स्क्रिप्ट ठेवा, दर काही मिनिटांनी ती प्रत्येक ओळखीच्या नोडला बाहेरून कनेक्ट करेल, नुसता पोर्ट उघडा आहे का एवढंच नाही तर तुमचा हँडशेक (नोड्समधली सुरुवातीची ओळखीची देवाणघेवाण) पूर्ण होतो का ते बघेल, त्याच्याकडून आणखी पत्ते घेईल आणि जे पास झाले तेवढेच डीएनएसमध्ये ठेवेल. पीटर वुइले यांचा बिटकॉइन सीडर क्रॉलर आणि डीएनएस सर्व्हर दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये करतो, त्याचा कोड वाचाच. तुमच्यासाठी मात्र बाइंड हा डीएनएस सर्व्हर आणि त्यातल्या नोंदी बदलणारी एनएसअपडेट कमांड सोपं पडेल, टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ते) ६० सेकंद ठेवा.

डेलिगेशन, म्हणजे सीडच्या नावाची उत्तरं तुमच्या व्हीपीएसकडे सोपवणं, असं करा: मुख्य डोमेनमध्ये व्हीपीएस नावाचा ए रेकॉर्ड, आणि सीड नावाचा एनएस रेकॉर्ड (त्या नावाची उत्तरं कोणता नेमसर्व्हर देतो ते सांगणारा) त्या व्हीपीएसकडे. नेमसर्व्हरचं नाव सीडच्याच आत ठेवू नका, मग ग्लू रेकॉर्ड (वरच्या डोमेनमध्ये नेमसर्व्हरचा आयपी वेगळा लिहिणं) लागतो आणि उगाच घोळ होतो. फायरवॉलमध्ये ५३ नंबर यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडा. उबुंटूवर सर्व्हर चालू करताना ॲड्रेस आधीच वापरात आहे असा एरर आला तर तो सिस्टमडी रिझॉल्व्हड (उबुंटूचा स्वतःचा नावं शोधणारा प्रोग्रॅम) असतो, १२७.०.०.५३ वर बसलेला, तुमचा सर्व्हर फक्त पब्लिक आयपीवर ऐकेल असं करा, रिझॉल्व्हड बंद करायची गरज नाही, मी बंद केला तर मशिनलाच बाहेरची नावं सापडेनात.

ए रेकॉर्डमध्ये पोर्ट नसतो, त्यामुळे सगळ्या नोड्सना एकच पोर्ट ठरवून द्या, जसा बिटकॉइनचा ८३३३. वेगवेगळे पोर्ट हवेच असतील तर पोर्टही सांगणारा एसआरव्ही रेकॉर्ड. आणि एका उत्तरात सगळे नोड कोंबू नका, जुन्या नियमाने यूडीपीत ५१२ बाइट मिळतात, एक ए रेकॉर्ड साधारण १६ बाइट, दहाबारा आरामात बसतात, पुढे नोड वाढले की दरवेळी त्यातले वेगळे वीसेक द्या.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, सीड एकच ठेवू नका. सीड ज्याच्या हातात, तो नव्या नोडला फक्त स्वतःचेच नोड दाखवून बाकी नेटवर्कपासून तोडू शकतो, आणि तो व्हीपीएस बंद पडला तर नवीन कोणी आतच येणार नाही. बिटकॉइन कोअरमध्ये म्हणूनच वेगवेगळ्या लोकांचे सीड कोडमध्ये लिहिलेले असतात आणि शेवटचा उपाय म्हणून ठरावीक आयपींची यादीही असते. तुम्ही किमान दोन मित्रांच्या दोन वेगळ्या मशिनवर ठेवा. एकाच हॉस्टेलच्या वायफायवरचे नोड असतील तर त्यांना डीएनएस सीड नकोच, एमडीएनएस (सर्व्हरशिवाय एकाच नेटवर्कमध्ये एकमेकांना शोधायची पद्धत) वापरा.

चालू झालं की घरच्या वायफायबरोबर मोबाइल डेटावरूनही तपासा, आणि अडलात तर डिग प्लस ट्रेसचं (उत्तर कोणकोणत्या सर्व्हरमधून येतं ते दाखवणारं डिग) आउटपुट खाली टाका, मी बघतो.