भावाचा रिपोर्ट तिच्या टेबलासमोरून काढा

(औसा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी लातूरला खोली करून राहते, अकरावी सायन्सला आहे, दहावीला ९३ टक्के. धाकटा मुलगा ९ वर्षांचा, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा आनुवंशिक आजार) आहे. मुलीने लहान मुलांची जेनेटिक्स (आनुवंशिक आजारांची) डॉक्टर व्हावं आणि भावाला बरं करावं, अशी त्यांची इच्छा. कोर्स कोणता आणि मार्क किती लागतात, असं विचारलंय.)

नमस्कार,

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. मुलीला काय व्हायचंय, हे त्यात कुठेच नाही. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, तिच्या टेबलासमोर भावाचा रिपोर्ट लॅमिनेट करून चिकटवलाय, ‘आळस आला की बघावं म्हणून’. आणि शेवटी तक्रार आहे की रविवारी फोन केला तर ती आईशी बोलते, भावाला द्यायला लागलं की ‘टेस्ट आहे’ म्हणून ठेवून देते. या दोन गोष्टी तुम्ही एकत्र वाचल्या नाहीत. मला तरी त्या एकच वाटतात. मॉकला मार्क कमी पडले की भावाच्या आजाराला आपणच जबाबदार, असं १७ वर्षांच्या पोरीला वाटत असेल तर ती त्याच्याशी बोलणार काय? येत्या रविवारी लातूरला जा आणि तो कागद स्वतःच्या हाताने काढून आणा. तिला ‘काढ’ म्हणून सांगू नका.

आता तुमचा प्रश्न. नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, नीट पीजी, ३ वर्षं एमडी पिडियाट्रिक्स, मग पुन्हा परीक्षा आणि ३ वर्षं डीएम (एमडीनंतरची पदवी) मेडिकल जेनेटिक्स. लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स, हैदराबादचं निम्स अशा मोजक्या ठिकाणी हा डीएम होतो. एकही अटेम्प्ट वाया गेला नाही, बॉण्डची (सक्तीची सरकारी) सेवा मध्ये आली नाही, तरी ती जेनेटिक्स डॉक्टर होईल तेव्हा मुलगा २२-२३ वर्षांचा असेल. या आजारात मुलांचं चालणं बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं. हिशोब तुम्हीच करा. शिवाय जेनेटिक्सच्या डॉक्टरचं बरंचसं काम निदानाचं असतं. तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, कोणती चाचणी करायची ते ठरवायचं, पुढच्या बाळंतपणातला धोका समजावून सांगायचा. अमेरिकेत २०२३ मध्ये ड्युशेनसाठी जीन थेरपी मंजूर झाली, पण तिनेही आजार मुळापासून जात नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘आमचं लग्न नात्यातलं नाही, आमच्याकडे आणि बायकोच्या माहेरी असं कुणालाच नाही, मग हा आनुवंशिक कसा?’ आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतात, त्यामुळे आनुवंशिक आजार म्हणजे नात्यातलं लग्न, असं डोक्यात पक्कं बसलंय. थॅलेसेमियासारख्या आजारात नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, ते खरं. ड्युशेनचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. तो आईकडून येऊ शकतो आणि आईला स्वतःला बहुधा काही त्रासही नसतो. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तर तो नव्यानेच तयार झालेला असतो, घराण्यात मागे कुणालाही नसताना. त्यामुळे माहेर-सासरचा वाद घरात चालला असेल तर तो आजच बंद करा. मुलाच्या रिपोर्टमधला दोष आईत आहे का, हे तपासता येतं. असेल तर मुलीतही तो असण्याची शक्यता निम्मी. पण तिची ती चाचणी तुम्ही ठरवायची नाही. सहसा ती १८ नंतर, नीट समुपदेशन करून, मुलीच्या स्वतःच्या इच्छेनेच करतात. ‘जेनेटिक्स शिक’ म्हणून मागे लागताना ही बाजू तुमच्या लक्षात आली होती का?

तुम्हाला जेनेटिक्सचा डॉक्टर हवा आहे तो आत्ता, १३ वर्षांनी नाही. हैदराबादचं निम्स आणि मुंबईचं केईएम ही दोन्ही केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणातली मान्यताप्राप्त केंद्रं आहेत. लातूरहून हैदराबाद जवळ पडतं. मुलाला आणि त्याच्या आईला सोबत घेऊन जा, जुने सगळे कागद न्या. स्टिरॉइड सुरू करायचं का, फिजिओथेरपी कोणती, हृदयाची तपासणी किती दिवसांनी, हे तिथे विचारा. वेळेवर सुरू झालेलं स्टिरॉइड चालणं काही काळ टिकवतं. आई वाहक निघाली, म्हणजे तिच्यात तो दोष सापडला, तर तिच्या हृदयाचीही अधूनमधून तपासणी लागते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी दिव्यांगत्वाच्या कायद्यात आहे, तेव्हा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून घ्या.

राहिली मुलगी. दहावीला गणितात ९८ होते आणि अकरावीत तुम्ही गणित सोडायला लावलंत, असं तुम्हीच अभिमानाने लिहिलंय. मला ते अजिबात पटलं नाही. उद्या तिला मेडिकलच हवं असेल तर खुशाल करू दे, जनुकांच्या संशोधनात रस वाटला तर त्यालाही बीएस्सी-एमएस्सी करून जाता येतं आणि तिथे गणित चांगलंच कामाला येतं. अजून विषय बदलून मिळतो का, ते कॉलेजात विचारा. अर्थात, तो तिला हवाय का, हे आधी तिला विचारून.