ऑक्टेन: दम असलेलं पेट्रोल की दम धरणारं?

प्रश्न असा आलाय: 'स्पोर्ट्स कारच्या टाकीच्या झाकणाआड "किमान ९८ ऑक्टेन" असं लिहिलेलं असतं. त्याला मराठीत "जास्त ताकदीचं पेट्रोल" म्हटलं तर चालेल का? आणि ऑक्टेन क्रमांक म्हणायचं की अंक?'

'ताकदीचं' नको. इथेनॉलचंच बघा: त्याचा ऑक्टेनचा आकडा शंभरी ओलांडतो, पण लिटरमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी.

मग हा आकडा मोजतो काय? इंजिनातला दट्ट्या (पिस्टन) पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, ते तापतं, ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, की धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन नॉक करतंय.' ऑक्टेन जास्त, म्हणजे असं आपोआप न भडकण्याची क्षमता जास्त. स्पोर्ट्स कारच्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं, टर्बो (जादा हवा आत कोंबणारं यंत्र) असेल तर आणखीच, म्हणून तिथे असं इंधन लागतं. ९१ वर भागणाऱ्या साध्या गाडीत ९८ ओतून ती काही उधळत नाही.

इथे मराठी 'दम' मदतीला येतो. 'गड्यात दम आहे' म्हणजे ताकद आणि 'जरा दम धर' म्हणजे धीर. (हा दम फारसी, मूळ अर्थ श्वास. संस्कृतातल्या शम-दम जोडीतला दम वेगळा, तो निग्रह.) लोकांना वाटतं हे दम असलेलं पेट्रोल, खरं तर ते दम धरणारं. म्हणून बातम्यांतला 'हाय-ऑक्टेन सामना' वाचला की मला हसू येतं. शब्दशः घेतला तर तो सहजासहजी न पेटणारा सामना!

शब्द आठाचा आहे. ग्रीक-लॅटिन 'ऑक्टो' हा आपल्या 'अष्ट'चा भाऊबंद. रेणूत कार्बनचे आठ अणू, म्हणून ऑक्टेन. सात असले की हेप्टेन, तो 'सप्त'च्या घरातला. मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेनला (म्हणजे फाटे फुटलेल्या साखळीच्या ऑक्टेनला) १०० आणि सरळ साखळीच्या हेप्टेनला ० दिलेत. ९८ म्हणजे ९८ भाग आयसो-ऑक्टेन आणि २ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका टिकाव. पेट्रोलमध्ये ९८ टक्के ऑक्टेन असतं असं नव्हे. गंमत म्हणजे, सरळ साखळीचं साधं ऑक्टेन या पट्टीवर शून्याच्याही खाली जातं. नाव मोठं, लक्षण खोटं!

आता क्रमांक की अंक? क्रमांकात क्रम आहे: घर क्रमांक, आसन क्रमांक. इथे रांग नाही, माप आहे. बुद्ध्यांक, उत्कलनांक, निर्देशांक यांच्या पंगतीत 'ऑक्टेनांक' सहज बसतो. मी तोच वापरतो.

एक मेख मात्र राहते. मोजण्याच्या पद्धती दोन: रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि मॉन (मोटर ऑक्टेन नंबर). युरोपात पंपावर रॉन लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी; त्यामुळे अमेरिकेतला ९३ साधारण युरोपातल्या ९८ च्या तोडीचा. झाकणावर 'रॉन' असेल तर भाषांतरात ते गाळू नका: 'किमान ९८ ऑक्टेनांकाचं (रॉन) पेट्रोल भरा.'