पंपाने वजन वाढतं, की वजनाने पंप वाढतो?

ताई, तुमचं वजन ८२, दमा चाळिशीत सुरू झाला, पंपाचा डोस वाढवूनही धाप जात नाही, आणि वजन पंपातल्या स्टिरॉइडनेच वाढलं असेल तर तो बंद करू का, असं विचारलंय. बंद करू नका. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे अगदी कणभर असतं. वजन चढतं ते अटॅकच्या वेळच्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या पुन्हापुन्हा घ्याव्या लागल्या तर.

माझंही असंच होतं. उंची पाच फूट दोन, वजन ८४. विळीवर भाजी चिरायला बसले की श्वास अडायचा, उठले की मोकळा. पोटाची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात राहायला हवी तेवढी हवा राहत नाही. बारीक श्वासनळ्या त्या हवेच्या ताणावरच उघड्या असतात. ताण कमी झाला की मिटायला लागतात.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण चरबी नुसती पडून नसते. ती लेप्टिन, इंटरल्युकिन-६ असली रसायनं रक्तात सोडते आणि अंगात बारीक सूज धुमसत ठेवते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना मृतांच्या फुप्फुसांत श्वासनळ्यांच्या भिंतीतही चरबी सापडली, वजन जास्त तशी ती जास्त. ॲलर्जीच्या दम्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्यांच्यावर स्टिरॉइड छान लागू पडतं. उशिरा, वजनासोबत, बहुतेक बायकांत सुरू होणाऱ्या दम्यात त्या पुष्कळदा वाढलेल्याच नसतात. मग डोस वाढवून फारसा उपयोग होत नाही. लहानपणापासून शिंका-ॲलर्जी असेल तर मात्र गणित वेगळं.

म्हणून आधी डॉक्टरांना विचारून स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) करून घ्या, सीबीसी या रक्ततपासणीतले इओसिनोफिल बघा, आणि पंप ओढायची पद्धत त्यांना एकदा करून दाखवा. मी चार वर्षं चुकीची ओढत होते! नुसती वजनाची धाप दमा म्हणून खपते, तसंच उलटही होतं.

वजन निम्मं करायचं नाहीये. ५ ते १० टक्क्यांनीही दमा आटोक्यात यायला मदत होते. माझे आठ किलो उतरायला अकरा महिने लागले, मध्ये दिवाळीत दोन परत आले. पण धाप लागली की ओढायचा निळा पंप रोज लागायचा, तो आता पंधरवड्यातून एखाद्या वेळी लागतो. स्टिरॉइडचा पंप चालूच आहे.

आंबट ढेकर येतात का? आणि रात्री घोरता का? दोन्ही वजनासोबत येतात आणि दमा बिघडवतात. घोरणं स्वतःला कळत नाही, घरच्यांना विचारून सांगा.