कार्बन सिंक म्हणजे कार्बन साठा नव्हे

देवगड तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांची मुलं खाडीतल्या कांदळवनावर फलक तयार करतायत. 'कार्बन सिंक'साठी मुलांनी 'कार्बन साठा' लिहिलं, एका पालकांनी 'कर्बकुंड' सुचवलं. यातलं बरोबर कोणतं, आणि मुळात 'कार्बन' लिहावं की 'कर्ब', असं त्या विचारतात.

बाई, 'साठा' नको. तो शब्द चांगलाच आहे, पण तो दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवायला हवा. कार्बन चक्राचा अभ्यास करणारे दोन वेगळे प्रश्न विचारतात. एखाद्या ठिकाणी कार्बन आहे किती, हा एक. वर्षभराचा हिशेब केला तर तिथे तो येतो जास्त की जातो जास्त, हा दुसरा. साठा हे पहिल्याचं उत्तर, सिंक हे दुसऱ्याचं. हवेला जेवढं परत दिलं जातं त्याहून जास्त जिथे घेतलं जातं, ती जागा म्हणजे सिंक. विहिरीत पाणी किती आहे हे कळलं म्हणून ती भरतेय की आटतेय हे कळत नाही, तसंच हे. 'कुंड' म्हटलं तरी डोळ्यांपुढे साचलेलं पाणीच येतं, म्हणून घोळ तोच राहतो.

या फरकाचं उत्तम उदाहरण तुमच्या शाळेसमोरच पसरलेलं आहे: अरबी समुद्र. जगातल्या सगळ्या महासागरांत मिळून सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या चाळीसपटीहून जास्त. शिवाय माणूस दरवर्षी जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा हे महासागर शोषून घेतात. म्हणजे एकूण महासागर हा साठाही आहे आणि सिंकही. अरबी समुद्राचा साठाही असाच मोठा, पण वर्षाचा हिशेब मांडला की तो हवेकडून कार्बन डायऑक्साइड घेण्याऐवजी हवेला देतो. कारण आपल्याकडे पाऊस आणणारेच वारे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना समांतर वाहतात, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. मेलेले सूक्ष्म जीव सतत खोलात जाऊन कुजत असल्यामुळे त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो. पाणी वर आलं की त्यातला बराच हवेत निसटतो. गोव्यात दोना पावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात जहाजांवरून मोजमापं घेऊन हे दाखवून दिलं. आता 'अरबी समुद्र हा कार्बन साठा आहे' हे वाक्य अगदी खरं, आणि 'अरबी समुद्र हा कार्बन सिंक आहे' हे चुकीचं. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर मुलांना हे सांगणार कसं?

मुळात सिंक ही कल्पनाच हिशेबातून आली आहे, हेही मुलांना सांगण्यासारखं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२० च्या पुढे गेला आहे. पण जगात जाळलेल्या कोळशाचा, तेलाचा, वायूचा आणि तोडलेल्या जंगलांचा हिशेब केला तर हवेत याच्या जवळजवळ दुप्पट वाढ दिसायला हवी होती. जे हवेत सापडत नाही ते समुद्रात आणि जमिनीवर गेलं असणार. ते नेमकं कुठे जातं याचा शोध अनेक ठिकाणी चालतो. गोव्यातल्या काबो द रामाच्या टोकावर १९९३ पासून अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था यांनी काही वर्षं हवेचे नमुने गोळा केले. जागा फार विचारपूर्वक निवडलेली: पावसाळ्यात तिथे समुद्रावरची हवा येते आणि हिवाळ्यात जमिनीवरची.

मग सिंकला म्हणायचं काय? लेखनात 'कार्बन शोषक' म्हणावं आणि त्याच्या उलट 'कार्बन स्रोत'. दोन्ही सरळ आहेत. मात्र कांदळवनाबद्दल लिहिताना मला 'शोषणे' अपुरं वाटतं. शोषतात तर सगळीच झाडं. आंब्याचं पान शोषतं, खाली पडून पातेरा होतं, कुजतं, आणि त्यातला बहुतेक कार्बन थोड्या वर्षांत पुन्हा हवेत जातो. खाडीत तसं होत नाही. तिवर, कांदळ, चिपी यांची पानं आणि मुळं भरती-ओहोटीच्या गाळात गाडली जातात. त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. पाय रुतला की गंधकाचा उग्र वास येतो तो त्यामुळेच. प्राणवायू नाही म्हणून कुजणं मंदावतं आणि कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. कांदळवनातला बराचसा कार्बन झाडांपेक्षा या चिखलात असतो. या सगळ्याला आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे: मुरणे. आत जाणं, आणि आत राहणं. 'खाडीच्या गाळात कार्बन मुरतो' असं लिहा, 'सिक्वेस्ट्रेशन'साठी शब्दकोश उघडावा लागणार नाही. उलट बाजूही लगेच सांगता येते: बांध घालून तीच जागा कोरडी केली की गाळात हवा शिरते, मुरलेला कार्बन कुजून बाहेर पडू लागतो आणि शोषक होता तो स्रोत होतो.

'स्रोत' म्हटलं की दोष दिल्यासारखं वाटतं, ते मुलांच्या मनातून काढून टाका. भातासाठी राब भाजतानाही, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतानाही, कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण कवळातला (तोडलेल्या पानाळ फांद्यांतला) नि पातेऱ्यातला तो कार्बन झाडांनी गेल्या काही वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, आणि झाडं उभी राहिली तर पुन्हा घेतील. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं चक्राबाहेर होता. त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, त्यामुळे तो हवेत मिसळला तरी ओळखता येतो.

आता कर्ब की कार्बन. दोन्ही बरोबर. शेतकऱ्यांच्या तोंडी 'सेंद्रिय कर्ब' पक्का बसला आहे, माती परीक्षणाच्या अहवालात तोच असतो, आणि 'कर्बोदके' तर मुलं शिकतातच. पाठ्यपुस्तकात 'कार्बन चक्र' आहे, म्हणून शाळेच्या फलकावर 'कार्बन' ठेवा. माझा आग्रह वेगळाच आहे: मूलद्रव्याचं नाव वायूला देऊ नका. कार्बनच्या अणूचं वजन १२, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं ४४. म्हणजे १ टन कार्बन जळला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जग दरवर्षी कोळसा, तेल, वायू यांतून सुमारे १० अब्ज टन कार्बन सोडतं, म्हणजेच जवळपास ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. दोन्ही आकडे खरे, पण 'कार्बन उत्सर्जन' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही कुठला आकडा कशाचा. 'कर्बवायू' हा जुना शब्द मला आवडतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन यांतही कार्बन आहेच, म्हणून जिथे आकडा आहे तिथे पूर्ण नाव हवं.

फलकासाठी ही वाक्यं चालतील: 'कांदळवन हे कार्बन शोषक आहे. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातला काही कार्बन खाडीच्या गाळात मुरतो. या गाळात कार्बनचा मोठा साठा आहे.' शोषक, मुरणे, साठा, तिन्ही आपापल्या जागी.