मामाचा डीएसएलआर पुरेल का?

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या मामाने त्याचा जुना डीएसएलआर तिला दिला, तेव्हापासून ती त्यावर लघुपट करते. आता म्हणते, कॉलेज सोडते, कर्ज काढून सिनेमा कॅमेरा घेऊ, मला सिनेमॅटोग्राफर व्हायचंय. फोटो काढायच्या कॅमेऱ्यावर खरा सिनेमा होतच नाही का? पैसे कॅमेऱ्यात घालावेत की शिक्षणात? आणि यात पोटापुरतं तरी मिळतं का? तिचा चार मिनिटांचा लघुपट सोबत पाठवते. – एक आई

ता. क. सर, आईला कॅमेऱ्यातला फरक कळत नाही. माझं काम सिनेमॅटिक दिसत नाही ते फक्त कॅमेऱ्यामुळे. प्लीज तुम्हीच तिला सांगा. – मुलगी

ताई, नमस्कार.

लघुपट दोनदा पाहिला. एकदा आवाज बंद करून आणि एकदा हेडफोन लावून. ही जुनी सवय. मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी काही वर्षं कॅमेरा असिस्टंट होतो, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मी निम्मा समुपदेशक होतो आणि निम्मा सेटवर उभा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. होतो, आणि झालेला आहे. २००८ साली निकॉनचा डी९० आला, व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर. पाठोपाठ कॅननचा फाइव्ह डी मार्क टू. त्याआधी कमी पैशांत डिजिटल चित्रीकरण करणाऱ्यांची अडचण अशी असे की त्यांच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, नखाएवढे. चेहरा, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सारखंच स्पष्ट. मार्क टूचा सेन्सर मात्र ३६ बाय २४ मिलिमीटरचा होता, त्यामुळे मागचं धूसर करता येई. लेन्स बदलता येत होत्या, अंधुक उजेडात चालत होता. लोक तुटून पडले.

गंमत म्हणजे तो कॅमेरा सिनेमासाठी बनवलाच नव्हता. सुरुवातीला फक्त सेकंदाला ३० फ्रेम्सवर चाले आणि एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, स्वतःच ठरवी. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, हातात राहावं म्हणून लोक रिंगवाल्या जुन्या निकॉन लेन्स अॅडॅप्टर लावून कॅननवर चढवत. २००९ मध्ये फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, मॅन्युअल एक्स्पोजर दिलं, २०१० च्या मार्चमध्ये सिनेमाला लागणाऱ्या २४ आणि २५ फ्रेम्स दिल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'हाउस' या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग प्रसारित झाला, संपूर्ण मार्क टूवर चित्रित केलेला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या बाईचा प्रसंग होता. त्या अरुंद जागेत मोठा कॅमेरा बसणं कठीण, हा बसला. पुढच्याच वर्षी 'लाइक क्रेझी' या चित्रपटाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार घेतला. तो कॅननच्या सेव्हन डीवर चित्रित झाला होता, म्हणजे तुमच्या भावाच्या कॅमेऱ्याच्याच जातकुळीतला, एपीएस-सी सेन्सरचा. तो सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो आणि सिनेमाच्या सुपर ३५ फिल्मची फ्रेम २५ च्या आसपास. मामाने दिलेला कॅमेरा मापाने सिनेमाच्या बराच जवळचा आहे, ही गोष्ट लेकीला ठाऊक असेलही. पत्रात मात्र तिने ती सांगितलेली नाही.

आता थेट तिच्याशी बोलतो.

तुझा लघुपट सिनेमॅटिक दिसत नाही हे खरं. कारण कॅमेरा, हे पटलं नाही. एक मिनीट चाळीस सेकंदांवर थांबव. बहीण खिडकीशी बसून पत्र वाचते आहे, वाऱ्याने पडदा उडतो, आणि तिचा चेहरा दोन पायऱ्यांनी काळा पडून परत उजळतो. कॅमेरा ऑटोवर होता. पडदा उडाल्याने चौकटीत उजेड वाढला, कॅमेऱ्याने तो सावरला. कितीही महागडा सिनेमा कॅमेरा ऑटोवर ठेवलास तरी तो हेच करेल.

त्याच शॉटमध्ये ती पत्र खाली ठेवायला पुढे वाकते आणि फोकसमधून जाते, परत येत नाही. तू ५० ची लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडी ठेवली होतीस ना? मागचा बुके, म्हणजे विरघळलेली पार्श्वभूमी, सांगते. दीड मीटरवरून, एपीएस-सी सेन्सरवर, एवढ्या उघड्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरांचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतसुद्धा पुरत नाही. माणूस बोलताना, श्वास घेताना त्याहून जास्त हलतो. मोठ्या सेटवर हे सांभाळायला फोकस पुलर नावाचा वेगळा माणूस असतो आणि तो अंतरं टेपने मोजून ठेवतो. तू एकटी आहेस. एफ ४ वर ये, म्हणजे अॅपर्चर लहान कर, चौदा सेंटिमीटर मिळतील. बहिणीला भिंतीपासून आणखी दूर बसव, मागचं तरीही मऊ राहील. डीएसएलआर आल्यापासून 'मागचं सगळं विरघळलं की सिनेमा' अशी एक समजूत पसरली आहे. मला तिचा कंटाळा आलाय. मागची खोली दिसली तर ती बाई कुठल्या घरात बसली आहे हे कळतं, आणि गोष्ट बऱ्याचदा त्या घरातच असते.

बाहेरचा चालण्याचा शॉट तुटक, खरखरीत का दिसतो? दुपारच्या उन्हात एफ १.८ चा हट्ट धरलास, म्हणून शटर १/४००० सेकंदाच्या आसपास गेलं असणार. २५ फ्रेम्सला शटर १/५० हवं, तेव्हा हालचालीला डोळ्याला सवयीचं असतं तेवढं पुसटपण येतं. १/४००० वरून १/५० वर यायचं तर ऐंशीपट उजेड अडवायला हवा, म्हणजे सहा-साडेसहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). लेन्सच्या तोंडावर एक एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, लाव. तुझ्या पिशवीतली पहिली खरेदी ही असू दे. तुला वाटणाऱ्या खरेदीपेक्षा ती कितीतरी लहान आहे.

आणि फ्रिज. हेडफोन लावून ऐक. चारही मिनिटं फ्रिज घुमतोय, वर संवाद तीन मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकमधून आलेले, विहिरीतून आल्यासारखे. डीएसएलआरचा माइक केवळ आठवणीपुरता आवाज घेतो. संवाद वेगळ्या रेकॉर्डरवर घे, माइक चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आण, शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजव आणि एडिटला ती टाळी जुळव. चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक चालवून घेतात. आवाज कच्चा असला की त्यांना लगेच 'कॉलेजातला लघुपट' वाटतो.

एवढं झोडपल्यावर एक सांगायला हवं. तोच खिडकीचा शॉट, पडदा उडायच्या आधीचा. बहिणीच्या उजव्या गालावर खिडकीचा उजेड आहे, डाव्या बाजूला ते काळपट कपाट असल्यामुळे तिकडून काहीच परतून येत नाही, आणि अर्धा चेहरा सावलीत राहतो. लोक यासाठी काळं कापड टांगतात. खुर्ची कपाटापाशी ओढायला तुला कुणी सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर मी तुझ्याकडे गांभीर्याने बघतोय ते त्या खुर्चीमुळे.

मामाच्या कॅमेऱ्याच्या मर्यादा मी लपवणार नाही. तो आठ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. दहा बिटमध्ये १०२४ असतात. म्हणून तुझ्या संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडलेत. नंतर कलर करताना तू ते आणखी ताणलंस. उपाय इतकाच की जे हवं ते शूट करतानाच जवळपास मिळवायचं, शार्पनेस आणि कॉन्ट्रास्ट कॅमेऱ्यातच खाली ठेवायचा. बारीक रेघांचा शर्ट चौकटीत आणायचा नाही, जुने डीएसएलआर सेन्सरच्या ओळी गाळून व्हिडिओ बनवतात आणि रेघांवर लहरी नाचायला लागतात. कॅमेरा झटक्यात फिरवलास तर विजेचे खांब तिरपे होतील, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. जुन्या मॉडेलांमध्ये साधारण बारा मिनिटांनी क्लिप तुटते, कारण फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. या सगळ्याची चीड येते, मान्य. पण सिनेमाचे शॉट सहसा बारा मिनिटांचे नसतात.

आणि हो, डीएसएलआर ही जातच आता मागे पडते आहे. मोठ्या कंपन्यांचा सगळा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. व्हिडिओ घेताना डीएसएलआरचा आरसा वर उचललेलाच असतो आणि व्ह्यूफाइंडर आंधळा होतो, म्हणजे चित्रीकरणापुरता तो मिररलेससारखाच वागतो. त्यावर शिकलेलं काहीही फुकट जात नाही. २०२३ चा 'द क्रिएटर' हा भव्य विज्ञानपट मुख्यतः सोनीच्या एफएक्स३ वर झाला. तो कॅमेरा तळहातावर मावतो. समोरचे दिवे, सेट आणि माणसं मात्र तळहातावर मावणारी नव्हती.

ताई, आता तुमचे उरलेले दोन प्रश्न.

कर्ज काढून सिनेमा कॅमेरा घेऊ नका. मोठ्या चित्रपटांना कॅमेरा बहुधा भाड्याने येतो. डीओपी, म्हणजे सिनेमॅटोग्राफर, गोष्ट वाचून ठरवतो कुठला हवा, निर्माता तो शूटिंगपुरता आणतो, काम संपलं की परत. 'माझ्याकडे अमुक कॅमेरा आहे' म्हणून फीचर फिल्मला डीओपी नेमत नाहीत. काही मोठे ओटीटी प्लॅटफॉर्म कुठले कॅमेरे चालतील याची यादी देतात, हे खरं. त्या यादीत जुने डीएसएलआर बसत नाहीत, हेही खरं. पण तसं काम मिळेल त्या दिवशी कॅमेऱ्याचं भाडं बजेटमध्ये असेल. शिवाय कॅमेरे तीन-चार वर्षांत जुने दिसू लागतात, हप्ते तितके लवकर संपत नाहीत. स्वतःचा कॅमेरा लागतो तो लग्नं, कंपन्यांच्या फिल्म्स, मुलाखती, छोट्या जाहिराती एकट्याने करणाऱ्यांना. तिथे पैसा लवकर आणि बऱ्यापैकी नियमित येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ती वेगळी वाट आहे. लेकीला कुठली हवी ते तिला अजून माहीत नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी माहीत नसलं तरी चालतं.

चित्रपटाच्या वाटेवर कॅमेरा विभागात पायऱ्या असतात. आधी ट्रेनी, मग क्लॅप देणारा आणि लेन्स सांभाळणारा सेकंड असिस्टंट, मग फोकस पुलर, मग ऑपरेटर, मग डीओपी. काहीजण दिव्यांच्या बाजूने, गॅफर म्हणजे प्रकाशयोजनेचा प्रमुख होऊन चढतात. काही फिल्म स्कूलमधून एकदम लघुपटांचे डीओपी होतात आणि वरच्या पायऱ्यांवर उगवतात. सुरुवातीच्या वर्षांत पैसे कमी, दिवस बारा-चौदा तासांचे, आणि दोन कामांच्या मध्ये रिकामे महिने. पोटापुरतं मिळतं, पण महिन्याच्या महिन्याला नाही. घरात हे आधीच बोलून ठेवलंत तर पुढची बरीच भांडणं टळतील.

यातला बराचसा भाग विश्वासाचा असतो. माझं उदाहरण देतो. एका लघुपटाच्या सेटवर मी भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं. दुपारभराचं काम गेलं. दिग्दर्शक ओरडला नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर भरलेल्या कार्डावर लाल टेप लावल्याशिवाय मी ते हातातून सोडलं नाही, आणि दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅटही केलं नाही. मुलीच्या लघुपटाची मूळ फुटेज आज किती ठिकाणी आहे, विचारा तिला. उत्तर 'लॅपटॉपवर' असं येईल, असा माझा अंदाज आहे.

कॉलेज सोडण्याची घाई मला पटत नाही. पदवीला दीड वर्ष राहिलं आहे आणि सेटवर कामं सुट्ट्यांतही मिळतात. दोन सुट्ट्या तिला कुणाच्या तरी कॅमेरा विभागात ट्रेनी म्हणून घालवू द्या. चौदा तास पेट्या उचलून, रात्री उशिरा घरी येऊन, दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत जायला तयार असेल, तर फिल्म स्कूलचा विचार करू. शाळा बघताना माहितीपत्रकातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंकडे बघू नका. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी, एका वर्षात प्रत्येकाला स्वतः किती वेळा शूट करायला मिळतं, साउंड आणि एडिटिंग खरंच शिकवतात का, आणि मागच्या तुकडीच्या फिल्म्स दाखवता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चहा न घेता निघा.

लेकीला एक काम देतो. तोच खिडकीचा प्रसंग परत कर. तीच खुर्ची, तेच कपाट. ऑटो पूर्ण बंद, एफ ४, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनचं सेटिंग, हाताने ठरवलेला. बहीण जिथे वाकते त्या जागेचं अंतर टेपने मोजून लेन्सवर पेन्सिलने खूण कर. आवाज वेगळा घे. मग दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून आईला दाखव आणि फरक कळतो का ते बघ. नंतर मला पाठव.

फ्रिज बंद करशीलच. तो परत चालू करायचं हमखास राहून जातं, म्हणून बंद करताना आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. तुझं शूट घरातच आहे, किल्लीचा उपयोग नाही. मोबाइल ठेव.