मे महिन्यात ट्रक विदर्भात पाठवतोय. कूलंट, टायर आणि वेळेची काय तयारी करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण माझं लक्ष अडकलं ते प्रश्नातल्या शेवटच्या ओळीवर: ‘ड्रायव्हर म्हणतो, तिकडच्या उन्हात टायरची हवा दहा पौंड कमी ठेवावी लागते.’ ड्रायव्हर बदलू नका, पण त्याचं हे ऐकूही नका. हेच वाक्य मी आमच्या भाऊजींच्या तोंडून २०१६च्या मे महिन्यापासून ऐकतोय.

तेव्हा आमची जुनी टेन व्हीलर होती, माझी आणि भाऊजींची भागीत. भागीत म्हणजे हप्ते माझे, अक्कल त्यांची. चंद्रपूरकडून सिमेंट भरून भुसावळला निघालो होतो. ड्रायव्हर लग्नाला गेलेला, म्हणून स्टेअरिंगवर मी आणि बाजूला भाऊजी. बाळापूरला जेवायला थांबलो. मी हात धुऊन येतो तर भाऊजी मागच्या चाकांपाशी उकिडवे बसलेले, हातात खिळा, आणि एकेका व्हॉल्व्हमधून फुस्स फुस्स चाललेलं. म्हटलं, “भाऊजी, हे काय करता?” तर म्हणे, “अबे, उन्हानं हवा फुगते ना! टायर फुटल्यावर रडत बसशीन काय?”

मोठी बहीण ज्या घरी दिली, तिथल्या माणसाशी धाब्यावर चारचौघांत वाद घालायचा नसतो. गप्प बसलो. ते गप्प बसणं मला साडेतीन तास आणि एका टायरला पडलं.

नांदुरा ओलांडला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आधी जळक्या रबराचा वास आला. भाऊजी म्हणाले, पुढच्या गाडीचा असेल. मग धडाम! डावीकडच्या जोडीतला आतला टायर. मडगार्ड वर वाकलेलं, पट्ट्याचा हातभर तुकडा मागे रस्त्यावर पडलेला. आतला बदलायचा म्हणजे आधी बाहेरचा उतरवा. जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच डांबरात रुतत चालला. शेवटी केबिनमधली झोपायची फळी काढून खाली घातली. पाना दुपट्ट्यात गुंडाळल्याशिवाय धरवत नव्हता. कॅनमधलं पाणी असं की पत्ती टाकली तर चहा व्हावा. भाऊजी बाभळीखाली उभे राहून सूचना करत होते. स्टेपनी चढवली आणि रांगत रांगत मलकापूर गाठलं.

तिथल्या पंक्चरवाल्यानं फुटका टायर उभा करून नुसता हलवला. आतून काळी पूड पडली, मूठभर, मशेरीसारखी. त्याला आम्ही काही सांगितलंही नव्हतं. म्हणाला, “कमी हवेवर पळवलाय.” भाऊजी तेवढ्यात लघवीला गेले.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आणि त्या दुमडण्यानंच टायर आतून तापतो. वरच्या उन्हापेक्षा ही आतली आग वाईट. थंड टायरात ११० पौंड भरले, तर गाडी दोन तास पळून टायर चांगला तापल्यावर काटा १२५च्या आसपास दाखवतो. घाबरायचं कारण नाही. टायर कंपनीनं दिलेला आकडा थंड टायरचाच असतो, पुढची वाढ त्यांनी धरलेली असते. तुम्ही तापलेल्या टायरातून हवा सोडून ती ११०वर आणलीत, तर पहाटे गार झाल्यावर उरतात पंचाण्णवच्या आसपास. भाऊजींनी नेमकं हेच केलं, आणि तेही काटा न लावता, खिळ्यानं.

तेव्हा हवा बघायची ती पहाटे, गाडी हलायच्या आधी, आणि स्वतःच्या गेजनं. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, ठोकून आवाज ऐकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ऐंशीला आणि एकशेदहाला बहुतेकांना सारखाच आवाज येतो. जोडीतल्या आतल्या टायरला नळी लावायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून तोच उपाशी राहतो. गेल्या दिवाळीत भाऊजींनी नवीन काढलंय: “नायट्रोजन भर, तो फुगत नाही.” भाऊजी, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दोन्ही सारखेच फुगतात. नायट्रोजन भरून घ्यायला हरकत नाही, पण हवा तपासायची सुट्टी मिळत नाही.

कूलंटचं थोडक्यात. अकोला, बुलढाणा, अमरावतीचा पूर्णाकाठ म्हणजे खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलंत तर आत क्षार धरतात आणि वर्षभरात गाडी हीट घेऊ लागते. टॉप-अपसाठी कूलंटचा कॅन सोबतच द्या. रेडिएटरच्या जाळीतला कापूस-कचरा इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून बाहेर काढा. आणि एखादा मिस्त्री ‘थर्मोस्टॅटच काढून टाकू, गाडी गार राहील’ म्हणाला तर तिथून निघा. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. काही इंजिनांत तो थर्मोस्टॅटच उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं.

वेळ: पहाटे चारला निघायचं, बारा ते चार सावलीला. माल वेळेत हवा म्हणून शेठ ओरडेल, ओरडू द्या. १ ऑक्टोबर २०२५पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, पण तुमची गाडी जुनी दिसते. २०१३च्या मेमध्ये नागपूरला ४७.९ नोंदलं गेलं होतं, आणि केबिनमध्ये खालून इंजिनही असतं. ड्रायव्हरच्या हातात दोन पाकिटं ओआरएसची द्या. खिशातला कांदा त्याचा तो ठेवेल.

आता भाऊजींची बाजू, कारण ताई हे वाचते. तो टायर रिमोल्ड होता, म्हणजे जुन्यावर नवा पट्टा चढवलेला, तेही दुसऱ्यांदा केलेला. सत्तरच्या वर मी पळवत होतो, हेही खरं. ‘हवा बरोबर असती तरी फुटला असता’ असं ते लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतात. असेलही. पण मग आतून पूड का पडली, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

आणि हो, स्टेपनीची हवाही बघा. मलकापूरपर्यंत आम्ही रांगत गेलो, कारण आमच्या स्टेपनीत साठ पौंडही नव्हते. ती बघायचं काम माझ्याकडे होतं.